सहा खुर्च्यांतली एक

हुबेहूबदादांच्या आणि माझ्या दुकानात एकच भिंत होती. अलीकडे मी फाटक्या वह्या-पुस्तकांची बांधणी करायचो, पलीकडे ते लाकडात वेली आणि पानं कोरायचे. सोळा वर्षं त्यांच्या लाकडी मोगरीची टकटक ऐकत मी सुईत दोरा ओवला. टकटक थांबली की समजायचं, आता भिंतीवर दोन थापा पडणार आणि दादा चहाला बोलावणार.

त्यांचं काम एकच, जुन्या कोरीव फर्निचरची नक्कल. कुणाच्या जोडीच्या कोचांतला एक मोडला, कुणाला पणजोबांच्या कपाटाला जोड हवी, की माणूस दादांकडे यायचा. दादा मूळ वस्तू समोर ठेवायचे आणि तिची सख्खी बहीण घडवायचे. गिऱ्हाईक काहीही विचारो, उत्तर ठरलेलं, "होईल की हुबेहूब." त्यावरून हे नाव पडलं. खरं नाव विचाराल तर मलाही आठवायला लागेल.

बैठकांचा वेत वहिनी विणायच्या. कारखान्याच्या दाराशी उजेडात पाट टाकून बसायच्या, शेजारी पाण्याची बादली, त्यात वेताच्या पट्ट्या भिजत घातलेल्या. म्हणायच्या, "लोक बघतात ह्यांच्या नक्षीकडे, पण बूड टेकतात माझ्या विणीवर." दादा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

दादांना हे काम एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी शिकवलं होतं. त्यांचा एक नियम होता. नक्कल केलेल्या प्रत्येक वस्तूच्या आतल्या अंगाला, सहज दिसणार नाही अशा जागी, नखाएवढी खूण करायची. उद्या कुणी ती जुनी म्हणून विकायला काढली, तर उलटी करून बघता यावी. दादांनी तो नियम आयुष्यभर पाळला. फक्त एकदा मोडला, तो डॉक्टरीणबाईंसाठी.

डॉक्टरीणबाई ऐंशीच्या पुढच्या. लग्न केलेलं नव्हतं, दवाखाना कधीच बंद केलेला. एक दिवस रिक्षात एक खुर्ची घालून त्या कारखान्यासमोर उतरल्या. काळ्या शिसवीची खुर्ची, पाठीला द्राक्षवेलीची कमान, हातांच्या टोकांना मिटलेल्या कळ्या. घरात अशा सहा होत्या, सहा भावंडांच्या. वाटण्यांत, बदल्यांत, आजारपणांत पाच गेल्या, आणि भावंडंही पाच गेली. उरली ती बाईंची.

"मला बाकीच्या पाच करून द्या," त्या म्हणाल्या. "पण खूणबीण करू नका. माझी कुठली आणि तुमच्या कुठल्या, हे मला कळता कामा नये. जेवायला बसले की सहाच्या सहा सारख्या दिसू देत."

दादा म्हणाले, "बाई, खूण करावीच लागते."

"कुणासाठी? मी विकणार आहे का? मी गेल्यावर भाचा बघेल काय करायचं ते." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक खरी आणि पाच खोट्या अशा टेबलाभोवती मांडल्या, तर मी रोज त्या पाचांना खोट्याच म्हणत राहीन हो."

दादा विरघळले. माझ्यासमोर विरघळले, म्हणून मी सांगू शकतो.

त्या कामाला चौदा महिने लागले. मोडीत निघालेले पलंग आणि दारांच्या चौकटी शोधून त्यांनी तितकंच जुनं लाकूड मिळवलं. बाईंची खुर्ची आली तेव्हा तिचा उजवा पुढचा सांधा हलत होता, तो उघडून परत चिकटवला. बैठकीची चौकट कुजलेली होती, म्हणून सहाही खुर्च्यांना नव्या चौकटी केल्या आणि वहिनींनी सहाही बैठका नव्याने विणल्या. मूळ खुर्चीच्या कळ्या हात फिरून फिरून गुळगुळीत झाल्या होत्या, तशाच बाकीच्यांच्याही घासल्या. शेवटी, सगळ्यांचा रंग एक यावा म्हणून बाईंच्या खुर्चीचं जुनं पॉलिशही खरवडून काढलं. पुढे दादा मला म्हणाले, "तिथे माझी चूक झाली. अंगावरचं कातडंच काढलं मी तिचं. मग ओळखायची कशी?"

खुर्च्या पोचल्या. बाईंनी दादा-वहिनींना बोलावून सहा खुर्च्यांवर आळीपाळीने बसवलं आणि स्वतःही लहान मुलीसारख्या एकीवरून दुसरीवर बसत राहिल्या. दोन वर्षांनी बाई गेल्या.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, भर दुपारी, फौजदार कारखान्यात शिरले. सोबत दोन शिपाई आणि डॉक्टरीणबाईंचा भाचा. टकटक मध्येच तुटली. भिंतीवर थापा पडल्या नाहीत, म्हणून मीच बाहेर येऊन बघितलं.

भाच्याने आत्याचं घर आवरायला काढलं होतं. जुन्या वस्तू पारखणाऱ्या एक तज्ज्ञ बाई त्याने बोलावल्या होत्या. त्यांनी सहा खुर्च्या उलट्यासुलट्या करून बघितल्या आणि लेखी दिलं की सहाही अलीकडच्या कामाच्या आहेत, एकीवरही जुना थर नाही. भाच्याने सरळ हिशेब केला. खरी खुर्ची चौदा महिने कारागिराकडे होती, परत आली नाही, म्हणजे कारागिराने ती ठेवून घेतली आणि सहावी नक्कल आत्याच्या गळ्यात मारली.

"मी खरी परत दिली आहे हो साहेब," दादा म्हणाले.

"मग दाखवा कुठली."

त्यांना बाईंच्या घरी नेलं. मी आणि वहिनी मागोमाग गेलो. जेवणाच्या खोलीत सहा खुर्च्या ओळीने मांडलेल्या. दादा पहिलीपाशी गुडघ्यावर बसले. बोटं फिरवली, वास घेतला, नखाने टिचक्या मारल्या. दुसरीपाशी गेले. मग परत पहिलीपाशी आले. भाचा घड्याळ बघत होता. दोन तास झाले. दादांच्या कपाळावरचा घाम खुर्चीच्या हातावर पडत होता आणि ते तो बाहीने पुसत होते.

शेवटी ते उठले आणि म्हणाले, "मला नाही सांगता येत."

भाचा हसला. "स्वतःची खुर्ची ओळखता येत नाही?"

"स्वतःचीच ओळखता येत नाही साहेब," दादा म्हणाले, आणि त्यांना तिथेच रडू फुटलं. एवढ्या वर्षांत मी त्या माणसाला डोळ्यांत गेलेल्या भुशाशिवाय रडताना पाहिलं नव्हतं.

कारखान्याला सील लागलं. पटाश्या, मोगऱ्या, रंधे, सगळं पोत्यात भरून ठाण्यात गेलं. दादांना दोन दिवस कोठडीत ठेवलं, मग जामिनावर सोडलं. जामीन मी राहिलो. दादांना नेहमी कामं देणाऱ्या शोरूमवाल्याने तर ती त्याच आठवड्यात परत नेली. वर म्हणाला, "राग मानू नका वहिनी, पण लोक विचारतात हो." गल्लीत दादांकडे बघून बोलणं थांबायला लागलं. सकाळी सवयीने ते कारखान्यापाशी यायचे, सील बघायचे आणि माझ्या दुकानात येऊन बाकावर बसायचे. मी हातात सँडपेपर आणि पुठ्ठा द्यायचो, कडा घासा म्हणायचो. ते घासत राहायचे, पुठ्ठा संपेपर्यंत.

एका सकाळी त्यांनी पुठ्ठा खाली ठेवला. वहिनी डबा घेऊन आल्या होत्या.

"एक सांगायचंय," दादा म्हणाले. "मी पाच नाही, सहा केल्या होत्या."

वहिनींचा हात डब्यावरच थांबला. "काय बोलताय?"

"पहिली जी केली ती मनासारखी झाली नाही. हात बसला नव्हता. म्हणून आणखी एक केली. शेवटी खरी धरून सात झाल्या. खरीच्या पायाला मी सुतळी बांधून ठेवली होती. पॉलिश करायच्या वेळी सोडली. दोन दिवसांनी, सगळ्या वाळल्यावर, साती ओळीने लावल्या आणि त्यातली कच्ची कुठली ते बघितलं. एकीचं काम जड वाटलं. तीच पहिली, असं धरून मी ती फोडली. सरस उकळायच्या चुलीत जाळली."

मला आधी अर्थच लागला नाही. वहिनींना लागला. त्यांनी डब्याचं झाकण परत लावून टाकलं.

"ती खरी असली तर?" दादा म्हणाले. "मी चोरली नाही. पण जाळली असेन. बाईंची खुर्ची, सहा भावंडांतली उरलेली एक, मी तिच्यावर सरस उकळला असेल."

"तुम्हाला तेव्हा कळलं नसतं होय?"

"त्या दिवशी त्या खोलीत कळलं का मला?"

त्यानंतरचे आठ-दहा दिवस मी विसरणार नाही. चोरीचा आळ त्यांच्या डोक्यातून गेलाच होता. आता ते फक्त जाळण्याचं बोलायचे. जेवताना घास हातात धरून विचारायचे, "तिचा धूर वेगळा होता का गं? तुला काही आठवतं?" वहिनी म्हणायच्या, "धुराला काय नाव असतं? जेवा." एकदा मला चिडून म्हणाल्या, "भावजी, यांचं काम थोडं वाईट असतं ना, तर आज आम्ही सुखात असतो." आणि स्वतःच्याच बोलण्याला हसल्या, मग पदराने डोळे टिपले.

एका सकाळी दादा बाकावर आले नाहीत. वहिनी धावत आल्या. ते धुतलेला सदरा घालून निघाले होते, बायकोला एवढंच सांगून, की सांगून टाकतो आणि मोकळा होतो. आम्ही दोघं पळालो. ठाण्याच्या पायऱ्यांवर गाठलं.

"काय सांगणार आहात?" वहिनींनी त्यांचा दंड धरला.

"मीच जाळली म्हणून."

"तुम्हाला माहीत आहे का तसं?"

"नाही माहीत, हेच तर! माहीत नाही म्हणून झोप नाही, अन्न नाही. एकदा कबूल केलं की ठरून तरी जाईल."

"अहो, न केलेली गोष्ट कबूल करून ती केलेली होते का?" वहिनींचा आवाज चढला. शिपाई बघायला लागले. "ती खुर्ची आली तेव्हा तिचा सांधा तुम्ही उघडला होतात ना? मला बोलावून दाखवलं होतं ना आत?"

दादांनी पुढे टाकलेला पाय मागे घेतला.

"भोकाच्या आत रेघ होती. तुम्ही म्हणालात, ही घडवणाऱ्याच्या पटाशीच्या धारेला बारीक खाच पडली होती, प्रत्येक घावाला केसाएवढी रेघ उठली आहे. मी म्हटलं, मग त्याने धार का नाही लावली? तुम्ही म्हणालात, आत कोण बघतंय, त्याला घरी जायची घाई असेल. आठवतं का?"

दादा पायरीवर बसले. म्हणाले, "उजवा, पुढचा." मग लगेच चेहरा उतरला. "पण सांधे उघडल्याशिवाय दिसणार नाही. आणि सहातल्या एकीतही रेघ नसली तर?"

"तर तुम्ही जाळली. मग या इथे आणि सांगा. मी सोबत येईन."

फौजदार माणूस तसा बरा होता. त्याने ऐकून घेतलं. भाच्याने मात्र साफ नकार दिला. आधी खुर्ची चोरली, आता उरलेल्या मोडायला निघालेत, म्हणाला. त्याला वाकवलं ते तज्ज्ञ बाईंनी. त्या म्हणाल्या, "मी लेखी मत दिलंय. ते चुकीचं असेल तर मला कळलं पाहिजे. सांधे परत जोडता येतात." शेवटी तो कबूल झाला. पंच म्हणून दोघं हवे होते. एक मी झालो, दुसरा कोपऱ्यावरचा चष्मेवाला.

सकाळी दहाला बाईंच्या जेवणाच्या खोलीत सगळे जमले. दादांची हत्यारं जप्तीतून तेवढ्यापुरती आणली होती. वहिनींनी स्वयंपाकघरात पाणी उकळत ठेवलं. रीत सोपी होती. आडव्या दांडीच्या टोकाला कुसू असतं, म्हणजे कोरून बारीक केलेली जीभ, ती पायाच्या भोकात सरसाने बसवलेली असते. गरम पाण्यात भिजवलेली फडकी सांध्याला गुंडाळायची, सरस मऊ होऊ द्यायचा, आणि मग हलक्या हाताने मोगरी मारून कुसू बाहेर काढायचं.

दादांनी आधी बराच वेळ खुर्च्या न्याहाळून त्यांचा क्रम लावला. खरी असण्याचा संभव जास्त ती आधी. शेवटची एक त्यांनी भिंतीकडे सरकवून ठेवली. "ही उघडायची गरज नाही. ही माझीच आहे. कमानीवरचं तिसरं पान बघा, उथळ गेलंय. ही माझी चूक आहे, मी ओळखतो."

पहिली खुर्ची उघडायला पाऊण तास गेला. कुसू बाहेर आलं, तज्ज्ञ बाईंनी आत बॅटरी मारली आणि मान हलवली. आत साफ, गुळगुळीत घाव. दादांचेच.

दुसरीही त्यांची निघाली, तिसरीही. आता दादा मोगरी उचलायच्या आधी दर वेळी तळहात सदऱ्याला पुसायला लागले होते. चष्मेवाला माझ्या कानाशी म्हणाला, "हे बघवत नाही हो." चौथ्या खुर्चीला दादांनी स्वतः बॅटरी मारून बघितली, विझवली, पुन्हा लावून बघितली. पाचवीचा सांधा उघडला तेव्हा त्यांनी आत बघितलंच नाही. तज्ज्ञ बाईंचा चेहरा बघितला आणि मोगरी फरशीवर ठेवली.

"संपलं," ते फौजदारांना म्हणाले. "लिहून घ्या साहेब. मी जाळली."

भाच्याला काही कळेना. "जाळली म्हणजे? आता हे काय नवीन?"

तज्ज्ञ बाई म्हणाल्या, "एक राहिली आहे."

"ती माझी आहे बाई. सांगितलं ना."

"बाकीच्या पाचही तुम्ही खऱ्या असतील म्हणून उघडल्यात."

दादा जागचे हलले नाहीत. ते भिंतीला टेकून बसले होते, तळहात वर करून मांडीवर ठेवलेले, जणू ते दुसऱ्या कुणाचे हात होते. वहिनी उठल्या. भिंतीकडची खुर्ची ओढली, फडकी पिळली आणि सांध्याला गुंडाळली. बोटं भाजत होती तरी दाबून धरली. पाणी तीनदा बदललं. मग त्यांनी मोगरी घेतली. तीस वर्षं नवऱ्याला बघत आल्या होत्या, पण मोगरी कधी चालवली नव्हती. पहिल्या दोन घावांनी काही झालं नाही. तिसरा जोरात बसला. लाकूड कडकन वाजलं, कुसू बाहेर आलं आणि त्याबरोबर पायाची एक फाक बोटभर लांब चिरत गेली.

वहिनी ओरडल्या. दादा गुडघ्यांवर सरकत आले. चिरलेल्या जागी भोकाची बाजू उघडी पडली होती. बॅटरी लागलीच नाही. एकाशेजारी एक घाव, आणि प्रत्येक घावावर केसाएवढी उभी रेघ.

दादांनी त्या रेघांवरून अंगठा फिरवला. मग कमानीवरच्या तिसऱ्या पानाकडे बघितलं. ते उथळ पान त्या जुन्या माणसाचंच होतं. इतर खुर्च्यांत ते दादांनी नकळत सुधारलं होतं. पाचही वेळा.

"मग मी जाळली ती माझीच," ते म्हणाले. आनंदाने नाही, नुसतं मोजून बघितल्यासारखं.

तज्ज्ञ बाईंनी तिथल्या तिथे लिहून दिलं की त्यांचं आधीचं मत चुकलं होतं. फौजदारांनी पंचनामा केला, आम्ही सह्या केल्या. भाच्याने तक्रार मागे घेतली. दादांनी त्याच्यापुढे हात जोडले. "या सहाही मी जोडून देतो. चीर अशी भरेन की दिसणार नाही."

"नको," भाचा म्हणाला. "तुम्ही आता हात लावू नका. माझ्याकडे उरलेली एक होती, तीही मोडून झाली."

दादांनी आणखी एकदा विचारलं. त्याने दार उघडून धरलं.

सील निघालं, हत्यारं परत आली. पण दादा सुटले, हे गल्लीत सगळ्यांपर्यंत पोचलंच नाही. पकडलं होतं तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. शोरूमवाला फिरकला नाही. आणि दोन छोटी कामं आली ती दादांनीच नाकारली. मूळ वस्तू समोर ठेवली की ते तासभर बघत बसायचे आणि मग गुंडाळून परत द्यायचे. सहा महिन्यांनी कारखाना दुसऱ्याला गेला. आता भिंतीपलीकडे फोनची कव्हरं विकतात, दिवसभर गाणी वाजतात.

दादा एका दारांच्या फॅक्टरीत जातात. तिथे मशीन नक्षी कापतं, ते फक्त कडा घासतात. वहिनी घरीच वेत विणतात, ज्या कुणाच्या खुर्च्या येतील त्यांच्या.

मागच्या महिन्यात त्या तज्ज्ञ बाई दादांचं घर शोधत आल्या. मीच पत्ता दाखवायला सोबत गेलो. त्यांनी एका कोरीव बाकाचा फोटो आणला होता. कुणाला त्याची जोड हवी होती. "दुसऱ्या कुणाला द्यायचं माझ्या मनात येत नाही," त्या म्हणाल्या.

दादांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. बोटाने नक्षीची एक वेल शेवटपर्यंत गिरवली. मग फोटो टेबलावर ठेवला. "दुसरा कुणी बघा बाई. माझी नजर गेली."

"डोळ्यांचं काही आहे का?"

"डोळे चांगले आहेत हो."

बाई गेल्यावर वहिनी तडकल्या. "त्यांनी चूक कबूल केली ना? लिहून दिलं ना? अजून काय हवंय तुम्हाला?"

"त्यांचा राग नाही गं," दादा म्हणाले. "त्या एकदा चुकल्या. मी पाचदा उघडून बघितलं आणि पाचदा चुकलो. आणि जी खरी होती तिला माझी चूक म्हणालो." त्यांनी फॅक्टरीचा सदरा अडकवला, डबा उचलला. दुपारची पाळी होती. "चिरली ती खुर्ची त्याने जोडून घेतली असेल का कुणाकडून? जमलं तर विचारा भावजी, पण माझं नाव सांगू नका."

ते जिना उतरून गेले. वहिनींनी टेबलावरचा फोटो उचलला, माझ्याकडे बघितलं आणि वेताच्या पट्ट्यांखाली सरकवून ठेवला. "राहू दे भावजी, कधीतरी मागतील," त्या म्हणाल्या.